एकशे ब्याण्णवच्या पुढे

घरातल्या आवाजावरून होणारी भांडणं पूर्वापार एकाच दिशेनं चालत आली आहेत. कुणीतरी आवाज मोठा केलेला असतो आणि दुसरं कुणीतरी 'जरा कमी करा हो' म्हणत असतं. टीव्ही, मिक्सर, वरच्या मजल्यावरच्यांच्या सरकणाऱ्या खुर्च्या, गणपतीच्या महिनाभर आधीपासूनचा ढोलताशांचा सराव. अख्खा महाराष्ट्र आवाज कमी करण्याच्या मागे लागलेला असताना माणसांची एक जमात मात्र बरोबर उलट दिशेनं निघाली आहे. यांची तक्रार 'ऐकूच येत नाही' अशी असते. ती स्वतःच्या कानांबद्दल नसते, इंजिनाबद्दल असते. आणि इंजिन असतं वीतभर लांबीचं.

हे मॉडेल रेल्वेवाले. त्यांच्या छंदाला 'आगगाडी-आगगाडी खेळणं' म्हटलेलं त्यांना चालत नाही. पुण्यात तर हे फारच जपावं लागतं. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे, आणि ते बघून आलेल्या माणसांचे दोन भाग पडतात. एक भाग बाहेर येऊन 'छान आहे, पोरांना आवडेल' म्हणतो आणि भेळ खायला जातो. दुसरा घरी येऊन बेडरूमचं माप घेतो. आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका दुसऱ्या भागातले.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या बेडरूममध्ये आठ बाय चारचं प्लायवूड आलं. त्यावर हळूहळू रूळ, सांधे, एक बोगदा, एक फाटक आणि फाटकापाशी थांबलेला एक बैलगाडीवाला अशी वस्ती झाली. (तो बैलगाडीवाला गेल्या दिवाळीपासून थांबलाय. गाडी केव्हाच गेली, पण फाटकाची मोटर अजून यायची आहे.) सगळं एचओ मापात, म्हणजे एकास सत्याऐंशी. आता आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७नं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात आणि काकांचे रूळ आहेत साडेसोळाचे, कारण जगभर तेच मिळतात. हे पावणेतीन मिलिमीटर काकांनी मोठ्या मनानं सोडून दिलेत. आवाजाच्या बाबतीत मात्र त्यांचं मन इतकं मोठं नाही.

इंजिन आहे अल्को. डब्ल्यूडीएम-२ म्हणून जे डिझेल इंजिन आपण सगळ्यांनी आयुष्यात केव्हातरी पाहिलंय आणि ज्याच्या काळ्या धुरात शर्टही मळवलाय, ते. मूळ घराणं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचं. १९६२ साली तिथून पहिली इंजिनं आली, १९६४पासून वाराणसीला घडायला लागली. पुढे १९६९मध्ये अमेरिकेतली अल्को कंपनी बंद पडली, तरी वाराणसीचं काम चालूच होतं. याचा फायदा काकांना असा झाला की अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांसाठी ध्वनिमुद्रित केलेला सोळा सिलिंडरच्या अल्को इंजिनाचा आवाज आपल्या इंजिनालाही रक्ताच्या नात्यानं चालतो. काकांनी अमेरिकन मॉडेल मागवलं, स्वतः ब्रश मारून त्याला भारतीय रेल्वेचे रंग चढवले आणि मला बोलावलं.

"ऐक," काका म्हणाले.

मी कान दिला. काहीतरी होतं खरं. नक्की काय, ते कळत नव्हतं.

"स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करू का?" मी विचारलं.

काकांचा चेहरा असा काही पडला की मला त्यांना चहा करून द्यावासा वाटला. त्या दिवसापासून आवाज वाढवणं हे आमच्या जिन्यातलं राष्ट्रीय कार्य झालं.

या इंजिनांच्या पोटात डिकोडर नावाची, बोटाच्या पेराएवढी एक पट्टी असते. रुळांतून विजेबरोबर डिजिटल हुकूमही येतात. डिकोडर ते वाचतो, त्याप्रमाणे मोटर फिरवतो, दिवे लावतो आणि आवाज स्पीकरकडे पाठवतो. त्याच्यात सीव्ही नावाचे क्रमांक दिलेले कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा भरायचा असतो. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा पत्ता. नवीन इंजिन बहुधा ३ नंबरच्या पत्त्यावर राहत असतं. काकांचा डिकोडर लोकसाउंड जातीचा. त्याचा एकूण आवाज राहतो ६३ नंबरच्या कप्प्यात आणि तिथे जास्तीत जास्त १९२ भरता येतात. काकांनी बसल्या बैठकीला १९२ भरले. पाच मिनिटांनी मला विचारलं, "१९३ला काय होत असेल रे?" उभा जन्म खातेवह्यांत घालवलेल्या माणसाला कप्पा दिसला की तो काठोकाठ भरल्याशिवाय राहवत नाही.

१९२वर भोंगा फाटायला लागला. चूक भोंग्याची नव्हती. डिकोडरच्या ॲम्प्लिफायरची ताकद एखाद-दोन वॅटची. त्याच्याकडे त्याहून जास्त मागितलं की तो लाटेचे शेंडे छाटून देतो, आणि छाटलेल्या शेंड्यांचा आवाज खरखरीत येतो. यावर जाणकारांचा उपाय असा की एकूण आवाज जरा खाली आणायचा. मग इंजिनाची धडधड, भोंगा, ब्रेकची किंचाळी, कॉम्प्रेसरची फसफस यांचे आपापले कप्पे असतात, त्यांत घोळक्यातल्यांना थोडं दाबायचं, म्हणजे जो ऐकायचाय तो स्वच्छ उठतो. थोडक्यात, मोठं ऐकायचं असेल तर आधी कमी करा. हे सांगणारी सगळी जाणकार मंडळी काकांना काकूंची माणसं वाटतात.

मग त्यांनी डेसिबल वाचायला घेतले आणि ते दोन दिवस अबोल झाले. वॅट दुप्पट केले की पदरात पडतात तीन डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. 'दुप्पट मोठं झालं बुवा' असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहा रुपये भरा आणि दोन रुपये घेऊन जा, अशी ठेव योजना काकांनी बँकेत कधी पाहिली नव्हती. वॅटचा मार्ग तिथेच खुंटला.

खरी गोम डबीत होती. स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची सैल पडते. मध्ये आडोसा नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेनं वळसा घालून मागे जाते आणि दोघींची जागच्या जागी मिटवामिटवी होते. खालच्या सुरांची तर पुरतीच होते. श्रोत्यापर्यंत पोचतं ते फक्त किरकिरं. म्हणून स्पीकरच्या पाठीमागे हवाबंद डबी हवी. हवाबंद म्हणजे खरोखर हवाबंद, तार आत जायला ठेवलेल्या भोकातूनही वारा गळता कामा नये. काकांच्या इंजिनात डबी होती, पण तिला कडेनं फट होती. एम-सील लावलं तर ते कायमचं बसणार, आणि काकांना आधी करून बघायचं होतं. स्वयंपाकघरात काकूंनी पोळ्यांची कणीक मळून झाकून ठेवलेली होती.

प्रयोग यशस्वी झाला, हे काकूंसमोर सांगता येत नसलं तरी इथे सांगायला हरकत नाही. कणकेची बारीक वळी करून फटीवर दाबली आणि इंजिनाला एकदम कंठ फुटला. इतके दिवस वर-वरचा चरचराट होता, त्याच्या खाली आता काहीतरी जाडसर लागलं. काका हर्षानं अर्धा तास इंजिन फिरवत राहिले. आतला डिकोडर तापला, वळी भाजत आली आणि दौंड जंक्शनात (काकांच्या स्टेशनचं नाव दौंड) खमंग वास सुटला. त्या वासानं काकू आत आल्या.

"अहो, हे काय आहे?"

"गॅस्केट," काका म्हणाले.

नंतर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे तुकडे कापून, फेव्हिक्विकनं चिकटवून रीतसर डबी झाली. अख्ख्या खटाटोपात आवाजात सर्वांत मोठा फरक पडला तो या डबीनं, आणि खर्च सगळ्यांत कमी आला तोही तिचाच. मॉडेलवाले हे सत्य एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात आणि पुन्हा पुन्हा महागडा स्पीकर आणायला जातात.

काकाही गेले. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात. मॉडेलवाले ज्याला शुगर क्यूब म्हणतात तो ११ बाय १५ मिलिमीटरचा स्पीकर मूळ मोबाइलच्याच घराण्यातला. तेव्हा तो या गल्लीत मिळायलाच हवा, असा काकांचा हिशेब. बरोबर साक्षीदार म्हणून मी.

"कुठला मोबाइल?" दुकानदार.

"मोबाइल नाही. अल्को."

दुकानदारानं क्षणभर विचार केला. "चायनाचा आहे का? त्याचे पार्ट येत नाहीत, काका. नवीन घेऊन टाका."

काकांनी मग त्याला डब्ल्यूडीएम-२ची समग्र माहिती दिली. वजन ११२.८ टन, ताकद २६०० अश्वशक्ती. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "मग त्याला एवढासा स्पीकर पुरेल का?" आजवर काकांना इतका मुद्द्याचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्या एका वाक्यावर त्यांनी चार स्पीकर घेतले.

ओहमचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण काका ते थोडक्यात उरकत नाहीत. जुन्या काळचे काही डिकोडर १०० ओहमचा स्पीकर मागत; त्यांना ८ ओहमचा जोडला तर ॲम्प्लिफायर जळून मोकळा. नवे ४ ओहमही चालवतात, आणि ओहम कमी तितका वीजप्रवाह जास्त, आवाज जास्त. आठ-आठचे दोन समांतर जोडले की चार होतात, एकामागे एक जोडले की सोळा. हे डाग मारायच्या आधी वाचावं.

दोन स्पीकर बसवायचे तर इंजिनात जागा हवी आणि इंजिनात जागा असतेच कुठे? मोटर, गिअर आणि उरलेल्या पोकळीत वजनाचे ठोकळे. ठोकळे कशाला, तर चाकांना रुळांवर पकड यावी म्हणून. काकांनी ठोकळे काढले. ११२.८ टनांना ८७च्या घनानं भागलं तर १७१ ग्रॅम येतात. म्हणजे मापात बसायचं तर एवढं वजन हवं. ते हिशेबाचं झालं. चढावर सहा डबे ओढायला प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच लागतं, आणि काकांचं इंजिन आता त्याच्या बरंच खाली आलं होतं. काकांनी नॉब फिरवला. इंजिन गरजलं, चाकं गरागरा फिरली आणि गाडी जिथे होती तिथेच राहिली.

"काका, गाडी हलत नाहीये."

"अरे, आवाज ऐक ना!"

मी एकदा तर्कानं बोलून पाहिलं. म्हटलं, काका, इंजिन एकास सत्याऐंशी, मग आवाजही त्याच मापात नको का? आपण टेबलापासून एक मीटरवर उभे राहतो, म्हणजे त्या जगाच्या हिशेबानं ८७ मीटर दूर. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर सहा डेसिबल गळतात. तेव्हा तिथवर पोचेल तेवढंच ऐकू आलं तर ते खरं. काका म्हणाले, "उद्यापासून तुझ्या काकूला सांगतो तुला चहा एकास सत्याऐंशी द्यायला." मी तर्क आवरता घेतला.

पण काकांना मोठा आवाज नकोच होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं बालपण दौंडला गेलं, स्टेशनाच्या जवळच. रात्री यार्डात एखादं अल्को नुसतं उभं राहून धडधडत असे आणि त्यानं घरातल्या फळीवरचे पितळेचे पेले एकमेकांना लागून किणकिणत असत. आजी झोपेत 'उठवा त्या मेल्याला' म्हणायची. काकांना ते पेले वाजवायचे होते.

आता अडचण बघा. उभ्या अल्कोच्या इंजिनाचे मिनिटाला ४०० फेरे होतात. सोळा सिलिंडर, दर दोन फेऱ्यांत प्रत्येकाचा एक स्फोट, म्हणजे सेकंदाला त्रेपन्नच्या आसपास ठोके. त्रेपन्न हर्ट्झची लाट हवेत साडेसहा मीटर लांब असते. काकांची बेडरूम दहा बाय बारा फूट. खऱ्या इंजिनात सोळा सिलिंडरची पोकळी मिळून सुमारे १७५ लिटर भरते; काकांच्या डबीत हवा मावते ती पोहे खायच्या चमच्याच्या निम्म्यानंही नाही. मोबाइलच्या स्पीकरला काही शे हर्ट्झच्या खाली उतरता येत नाही. तो वरचे उपस्वर तेवढे देतो आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर स्वतःच्या पदरचा घालतो. माणसाला न वाजलेलं ऐकू येतं ते असं. भरीला आपल्या कानांचा पक्षपात: आवाज लहान झाला की कान खालच्या सुरांना आधी वाऱ्यावर सोडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून ठेवलंय. तेव्हा वीतभर इंजिनातून ऐकू येणारी धडधड ही निम्मी मेंदूची मेहरबानी असते, आणि मेंदूच्या मेहरबानीवर पितळेचा पेला वाजत नाही.

या बाबतीत जुने लोक सुखी होते. अमेरिकेतल्या लायनेल कंपनीनं १९३५ साली खेळण्यातल्या गाडीला शिट्टी दिली, ती मोटरनं खरा वारा फुंकून वाजवलेली खरीखुरी शिट्टी. रेकॉर्डिंग नाही, डिकोडर नाही, १९२ नाही. काकांनी त्याचीही चौकशी करून ठेवली आहे, पण डिझेलच्या धडधडीला फुंकणी चालत नाही.

तोडगा शेवटी त्यांच्या भाच्यानं सुचवला. खालच्या सुरांची दिशा माणसाच्या कानाला नीट कळत नाही. म्हणजे वरचा आवाज इंजिनातून आला आणि खालचा टेबलाखालून आला, तरी कान दोन्हीचं श्रेय इंजिनालाच देतो. परदेशातले काही मॉडेलवाले असंच करतात. झालं. भाच्याच्या जुन्या होम थिएटरचा, खोक्याएवढा काळा वूफर प्लायवूडच्या खाली पालथा घातला गेला. प्लायवूडनं मनापासून साथ दिली, कारण आठ बाय चारची फळी हाही एक भलामोठा पडदाच. काकांनी नॉब फिरवला.

मी यावेळी फ्रिजचं नाव काढलं नाही. धडधड पायांतून वर आली. बैलगाडीवाला थरथरला आणि प्रथमच जागेवरून हलला. आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून वाजायला लागली. काका काहीच बोलेनात. काकू दारात आल्या, ओठांवर काहीतरी धारदार घेऊनच आल्या होत्या, पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "दहाच्या आत बंद करा म्हणजे झालं." निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर जायला कायद्यानंच बंदी आहे, दिवसा ५५. काकूंनी कायदा वाचलेला नाही, पण तो करणाऱ्यांनी त्यांनाच विचारून केला असावा.

पुढे जे झालं त्यात काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या बरोबर खाली दुसरा मजला, मग पहिला, आणि त्याखाली वॉचमनची खोली. वॉचमनला एकच काम मनापासून शिकवलेलं: टाकी भरली आणि पंप चालू राहिला तर पंप बंद कर. संध्याकाळी सहाला त्याला भिंतीतून धडधड ऐकू यायची. तो जायचा आणि बटण दाबायचा. धडधड काही थांबायची नाही. मग तो परत जाऊन मेन स्विचच पाडायचा. पंपाचं बटण मुळात बंदच होतं आणि त्यानं ते दाबून चालू केलेलं असायचं की चालू होतं आणि बंद केलेलं असायचं, हे कुणालाच कधी कळलं नाही. आठवडाभर इमारतीला सकाळी पाणी नव्हतं. प्लंबर आला, त्यानं पंप उघडला, बेअरिंग गेलंय म्हणाला आणि बदलून गेला. धडधड चालूच. दुसरा प्लंबर आला. त्यानं पहिल्या प्लंबरला नावं ठेवली.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी विषय वाचला: 'पंपाच्या आवाजाबाबत.' पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, भिंत हादरते. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे जास्त हादरते. काका मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, बिचारे शरमले. मी हळूच त्यांचा हात दाबला.

"पंप म्हणाले रे ते," काका माझ्या कानात पुटपुटले. त्यांचा आवाज कापत होता. "सोळा सिलिंडरचं अल्को, आणि ह्यांना पंप वाटतो."

"काका, जाऊ द्या. कुणाला कळलं नाही हेच बरं."

"नाही, चूक त्यांची नाही. टर्बोची शीळ कमी पडतेय. ती असती तर पंप वाटला नसता." आणि मग, सेक्रेटरी नव्या पंपासाठी वर्गणीचा आकडा सांगत असताना, "तपकीर गल्ली आज उघडी असेल का?"